हाडाच्या ऑपरेशननंतर संडासला होत नाही? खान्देशातल्या घराघरांतून येणारे प्रश्न

खुब्याची वाटी बदललेली, गुडघा बदललेला, मांडीत रॉड घातलेला, मणक्याचं ऑपरेशन झालेलं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अशा रुग्णाचा मुलगा किंवा सून वॉर्डाबाहेर गाठते आणि आवाज खाली आणून विचारते, "सिस्टर, त्यांना झालंच नाही हो अजून." टाक्यांबद्दल, एक्स-रेबद्दल सगळे मोठ्याने विचारतात, या एका गोष्टीबद्दल कुजबुजतात. हाडांच्या वॉर्डात काम करताना जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या नातेवाइकांनी जे जे विचारलं ते इथे एकत्र केलं आहे. घाईत असाल तर एवढंच वाचा: वेदनेची जोरदार गोळी ज्या दिवशी सुरू होते, त्याच दिवशी पोट साफ होण्याचं औषधही सुरू व्हायला हवं. ते लिहिलेलं नसेल तर राउंडला आलेल्या डॉक्टरांना सगळ्यांसमोर विचारा.

ऑपरेशन पायाचं झालं, पोटाला कोणी हातही लावला नाही. मग पोट का अडलं?

कारणं बरीच आहेत आणि ती एकाच वेळी येतात. सगळ्यात मोठं कारण वेदनेची औषधं. ट्रॅमाडॉल, टॅपेंटाडॉल, मॉर्फिन, फेंटॅनिलचा पॅच ही अफूच्या जातकुळीतली औषधं मेंदूत वेदना कमी करतात, पण त्यांना धरून ठेवणाऱ्या जागा आतड्यातही असतात. तिथे ती आतड्याची पुढे ढकलण्याची हालचाल मंद करतात. मळ आत जास्त वेळ पडून राहतो, आतडं त्यातलं पाणी शोषत राहतं आणि तो कडक होतो. या गोळ्यांनी येणारी गुंगी किंवा मळमळ काही दिवसांत शरीराच्या अंगवळणी पडते, बद्धकोष्ठता पडत नाही. गोळी चालू आहे तोवर ती राहते.

त्यात भर म्हणजे ऑपरेशनआधीचा उपवास, भूल, अंथरुणात पडून राहणं, कमी पाणी, उलटी थांबवायला दिलेलं ऑनडॅनसेट्रॉन, रक्त वाढवायची लोहाची गोळी, हाड भरायला दिलेलं कॅल्शियम, नसांच्या वेदनेसाठीचं प्रीगाबॅलिन. यातलं प्रत्येक औषध थोडं थोडं पोट बांधतं. म्हातारपण, थायरॉइड, मधुमेह, कंपवात यांपैकी काही असेल तर आतडं आधीपासूनच आळसावलेलं असतं.

किती दिवस वाट बघायची?

दिवसातून तीनदा होणारेही ठणठणीत असतात आणि आठवड्यातून तीनदा होणारेही. त्यामुळे रुग्णाची घरची सवय काय होती ते आधी बघा. रोज सकाळी चहा झाला की जाणारा माणूस दोन दिवस गेला नाही तर हालचाल करायची. तिसरा दिवस कोरडा गेला तर डॉक्टरांना सांगायचंच. "अजून काही खाल्लंच नाही, तर होणार काय?" हे वाक्य मी रोज ऐकते. मळ फक्त अन्नाचा नसतो, त्यात आतड्याच्या अस्तराच्या पेशी, जंतू आणि पाचक रसही असतात. दोन दिवस पेजेवर असलेल्या माणसालाही व्हायला हवं.

झालं तरी कसं झालं ते विचारा. बकरीच्या लेंड्यांसारखे सुटे कडक खडे पडत असतील तर ती बद्धकोष्ठताच, रोज होत असली तरी.

वेदनेची गोळी बंद करून टाकली तर?

मनाने करू नका. गोळी बंद केली की दुखतं, दुखलं की रुग्ण कूस बदलत नाही, वॉकर धरत नाही, फिजिओथेरपीच्या ताईंना परत पाठवतो. न हलणाऱ्या माणसाचं पोट आणखी अडतं, शिवाय पायात रक्ताची गुठळी होण्याची आणि छातीत कफ साचण्याची भीती वाढते. डॉक्टरांना विचारायचं ते असं: "पॅरासिटामॉल वेळेवर चालू ठेवून जोरदार गोळी कमी करता येईल का?" बहुतेक ऑपरेशनांत पहिले काही दिवस गेले की ते जमतं.

पोटाच्या औषधांत फरक काय असतो? मेडिकलवाला म्हणतो, सगळी सारखीच.

सारखी नसतात. अफूजातीच्या गोळ्यांनी पोट अडतं तेव्हा दोन गोष्टी लागतात: आतडं हलवणारं औषध आणि मळात पाणी धरून ठेवणारं औषध.

आतडं हलवणाऱ्यांत बिसाकोडिल, सेन्ना म्हणजे सोनामुखी आणि सोडियम पिकोसल्फेट येतात. बिसाकोडिलची ५ मिलिग्रॅमची गोळी साधारण रात्री झोपताना देतात, ६ ते १२ तासांत काम करते, म्हणजे सकाळी. ती चावायची, फोडायची नाही. दुधाबरोबर किंवा ॲसिडिटीच्या पातळ औषधाबरोबरही द्यायची नाही. वरचं आवरण पोटातच सुटतं आणि मुरडा येतो. आपल्याकडे गोळ्या दुधाबरोबर द्यायची सवय पक्की आहे म्हणून मुद्दाम लिहिते.

पाणी धरून ठेवणाऱ्यांत लॅक्टुलोजचं गोड चिकट सिरप आणि पॉलिएथिलीन ग्लायकॉलची पावडर. लॅक्टुलोजला काम करायला एक-दोन दिवस लागतात. "काल पाजलं, काही झालं नाही," म्हणून बाटली बाजूला ठेवू नका. सुरुवातीला त्याने पोटात वारा धरतो, तो हळूहळू कमी होतो.

मळ खाली येऊन अडकला असेल तर तोंडाने दिलेल्या औषधापेक्षा गुदद्वारातून ठेवायची गोळी बरी. ग्लिसरीनची किंवा बिसाकोडिलची. ती पंधरा मिनिटांपासून तासाभरात परिणाम दाखवते, म्हणून ठेवण्याआधी भांडं किंवा खुर्ची तयार असू द्या. त्यानेही नाही झालं तर एनिमा. एनिमा घरी स्वतःच्या मनाने देऊ नका, विशेषतः म्हाताऱ्या माणसाला आणि किडनीच्या रुग्णाला.

पडून असलेल्या, ठसका लागणाऱ्या वृद्धांना लिक्विड पॅराफिन असलेलं पांढरं औषध देऊ नये. ते घशातून छातीत उतरलं तर फुप्फुसाला सूज येते. घरात आधीची अर्धी बाटली पडलेली असते आणि तीच पाजली जाते. लेबल वाचून घ्या.

इसबगोल तर साधं आहे, ते चालेल ना?

बरा माणूस हिंडता-फिरता असेल तर चालेल. पण अफूजातीची गोळी चालू असताना, रुग्ण पडून असताना आणि पाणी जेमतेम पीत असताना इसबगोल नको. तो पाणी शोषून फुगतो. आतडं हलतच नसेल तर तो फुगलेला गोळा तिथेच बसतो आणि त्रास वाढतो. वॉकरवर चालणं सुरू झालं, जोरदार गोळी सुटली, पाणी भरपूर जाऊ लागलं की मग घ्या, एका मात्रेला पूर्ण ग्लासभर पाणी, बसून, आणि झोपायच्या अगदी आधी नाही.

एरंडेल, त्रिफळा, दुधात तूप?

एरंडेलाला माझा सरळ विरोध आहे. त्याने होतं, पण मुरडा येऊन, अचानक आणि धावपळीने होतं. नवीन गुडघा घेऊन वॉकर धरलेला माणूस रात्री धावत संडास गाठू शकत नाही. तो पडतो. खुब्याची बदललेली वाटी निखळायला असं एकदाच पडणं पुरतं.

त्रिफळा वर्षानुवर्षं घेणारे असतात. ते घेत असाल तर डॉक्टरांना सांगा, दुसऱ्या जुलाबाच्या औषधाबरोबर दुहेरी होऊ देऊ नका. कोमट दुधात चमचाभर तूप घ्यायला हरकत नाही, पण गोळीमुळे अडलेलं पोट त्यावर सुटेल अशी आशा ठेवून तीन दिवस घालवू नका. बेंबीवर हिंग लावल्याने नुकसान नाही, फायदाही नाही.

आप्पा पाणीच पीत नाहीत. ग्लास पुढे केला की मान फिरवतात.

या प्रश्नाला मी सगळ्यात जास्त वेळ देते, कारण निम्म्या वॉर्डाचं उत्तर इथे आहे. रुग्णाला तहान नसते असं नाही. त्याला भांडं नको असतं. पाणी प्यायलं की लघवी लागेल, जेवलं की संडासला लागेल, मग कोणाला तरी हाक मारावी लागेल, कोणीतरी धोतर किंवा लुगडं सोडेल, शेजारच्या कॉटवरचे बघतील. म्हणून तो आधीच पाणी तोडतो. याविषयी कोणी काही बोलत नाही, रुग्णही नाही.

यावलकडचे एक आजोबा आठवतात. खुब्याचं हाड मोडून आलेले, आयुष्यभर पहाटे नांगराआधी मळ्यात जाऊन मोकळे होणारे. उशाला पाण्याची बाटली सकाळी जेवढी तेवढीच संध्याकाळी. सून हातात ग्लास घेऊन उभी, आणि आजोबांचं एकच, "नको माले." सुनेच्या हातून भांडं घ्यायचं नव्हतं त्यांना, बाकी काही नाही. मावशींनी पडदा ओढला, सुनेला चहाला पाठवलं, वॉर्डबॉयला बोलावलं. दुपारपर्यंत बाटली रिकामी.

तेव्हा आधी हे ठरवा: भांडं कोण देणार? सासऱ्याला सुनेने देऊ नये, आईला मुलाने देऊ नये असं घरात वाटत असेल तर वाद न घालता दुसरा माणूस ठरवा आणि रुग्णाला त्याचं नाव सांगा. पडदा नसेल तर दोन कॉटच्या मध्ये चादर बांधा. भेटायला आलेल्या सगळ्यांना सकाळी जेवणानंतरचा अर्धा तास बाहेर काढा. आपल्याकडे एक ऑपरेशन झालं की अख्खी भाऊबंदकी टेम्पोने येते, माया असते त्यात, पण कॉटभोवती दहा माणसं उभी असताना कोणाचं पोट मोकळं होणार?

प्रमाण म्हणाल तर किडनी, हृदय यांचा त्रास नसेल आणि डॉक्टरांनी पाणी मोजून दिलं नसेल, तर दिवसाला दोन ते अडीच लिटर. लिटरची बाटली ठेवा म्हणजे मोजायला सोपं. भुसावळ-जळगावला मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, पत्र्याच्या घरात तर विचारू नका. तेव्हा यापेक्षाही जास्त लागेल. लघवी फिकट पिवळी असली की पाणी पुरतंय, गडद झाली की कमी पडतंय. ताक, वरणाचं पाणी, लिंबूपाणी, नारळपाणी सगळं धरा. चहा दोनदा चालेल, पण दिवसभर चहा म्हणजे पाणी नव्हे.

जेवायला काय द्यावं? शेजारचे म्हणतात, हलकंच द्या.

हलकं म्हणजे आपल्याकडे साबुदाण्याची खिचडी, मऊ भात, चहा-टोस्ट, ग्लुकोजची बिस्किटं. पोट बांधायला याहून चांगला बेत नाही. साबुदाण्यात चोथा जवळजवळ नसतोच. शंभर ग्रॅम तांदळात तो तीन ग्रॅमच्या आत असतो, तेवढ्याच ज्वारीत साधारण दहा ग्रॅम. आपल्या घरातलं रोजचं जेवण दवाखान्यातल्या 'हलक्या' खाण्यापेक्षा पुष्कळ चांगलं आहे, ते डब्यात घालून आणा.

पहिल्या दिवशी मळमळ असेल तर मुगाचं पातळ वरण, ताक, पेज ठीक. भूक लागली, वारा सरायला लागला की भाकरी सुरू करा. ज्वारीची किंवा बाजरीची भाकरी वरणात किंवा भाजीच्या रश्श्यात कुस्करून, दात नसतील तर तशीच मऊ करून. कळण्याची भाकरी तर या कामासाठीच आहे असं म्हणेन. ज्वारीत सालासकट उडीद दळलेला, म्हणजे चोथाही आणि टाके भरायला लागणारी प्रथिनंही. सोबत पोकळा, मेथी, अंबाडी, गिलकं, शेवग्याच्या शेंगा, दुधी. वांग्याचं भरीतही चालेल, तेलाचा हात आखडता घेऊन आणि हिरव्या मिरच्या निम्म्या करून. कडक खड्याने आधीच चिरलेल्या जागेवर ठेच्याचं तिखट जाळ काढतं.

शेवभाजी, वरण-बट्टी, खापरावरची पुरणपोळी हे रुग्णासमोर आणून त्याला नको म्हणू नका, तो प्रकार वाईट. पण पहिले आठ-दहा दिवस घास-दोन घासच. बट्टी तुपात कुस्करून पोटभर खाल्ली की चालतं-फिरतं माणूसही दुपारभर आडवं होतं. इथे तर आतडंच मंद आहे.

चोथा एकदम वाढवू नका, दोन-तीन दिवसांत वाढवत न्या आणि त्याबरोबर पाणी वाढवा. पाण्याशिवाय चोथा म्हणजे उलटा परिणाम. आणि पोट फुगून टणक झालं असेल, वारा सरत नसेल तर भाकरी-भाजीचा आग्रह थांबवून आधी डॉक्टरांना दाखवा.

केळ्याने पोट साफ होतं की बांधतं? घरात दोन्ही म्हणणारे आहेत.

दोघेही बरोबर. कच्चट, हिरवट केळं बांधतं. सालीवर तपकिरी ठिपके आलेलं पिकलेलं केळं चालतं. रावेर-यावलच्या पट्ट्यात केळी घरचीच असतात, भेटायला येणारा प्रत्येक जण फणी घेऊन येतो आणि ती बहुतेक वेळा पुरती पिकलेली नसते. दोन दिवस थांबा. पण नुसत्या केळ्यांवर भिस्त ठेवू नका, पेरूत त्याच्या दुपटीहून जास्त चोथा आहे. पपई, भिजवलेल्या काळ्या मनुका, अंजीर हेही चांगलं. मधुमेह असेल तर मनुका-अंजीर-केळं मोजून.

भांड्यावर होतच नाही. लागतं, पण होत नाही.

आडवं पडून होणं मुळात अवघड आहे. पोटाचा जोर लागत नाही, गुदमार्गाचा कोन सरळ होत नाही. डॉक्टरांनी परवानगी दिली असेल तर कॉटचं डोकं उंच करा, रुग्णाला जेवढं बसवता येईल तेवढं बसवा. चपटं भांडं मागा, त्याची एक कड पातळ असते, कंबर फार उचलावी लागत नाही. स्टीलचं भांडं थंड असतं, कोमट पाण्याने धुऊन पुसून द्या. खुब्याच्या रुग्णाला कुशीवर वळवताना दोन पायांच्या मध्ये उशी ठेवा. मणक्याच्या रुग्णाला खांदा आणि कंबर एकाच वेळी, दोघांनी मिळून वळवायचं, पिळायचं नाही.

वेळ साधा. जेवल्यावर आतड्याला आपोआप चालना मिळते आणि सकाळी ती सगळ्यात जास्त असते. सकाळचा गरम चहा-नाश्ता झाल्यावर वीस-तीस मिनिटांनी भांडं द्या, लागो किंवा न लागो. दहा मिनिटं बसू द्या, नाही झालं तर उचला, पुन्हा दुपारच्या जेवणानंतर. लागलं असताना "थांबा, मावशी येतायत" म्हणून अडवून ठेवलं की ती चालना निघून जाते, मग तासभर काही होत नाही.

पोटावर हाताने हलकं चोळायचं असेल तर दिशा सांगते: उजव्या जांघेपासून वर फासळ्यांकडे, तिथून आडवं डावीकडे, मग डावीकडून खाली. कमरेचं हाड मोडलेलं असेल किंवा पोटावर जखम असेल तर करू नका.

पण या सगळ्याहून जास्त उपयोग उठून बसण्याचा आणि चालण्याचा. डॉक्टरांनी उठवायला सांगितलं त्या दिवशी उठवा. "आज राहू द्या, उद्या बघू" हे लाडाचं बोलणं पोटाला महागात पडतं.

घरी भारतीय संडास आहे, तोही अंगणात. काय करावं?

गुडघा किंवा खुबा बदललेल्यांनी उकिडवं बसायचं नाही. मध्ये भोक असलेली कमोड खुर्ची घ्या, ती भारतीय भांड्यावर ठेवता येते किंवा खोलीतच डबा लावून वापरता येते. बऱ्याच सर्जिकल दुकानांत भाड्यानेही मिळते. घेताना उंची बघा: खुब्याच्या रुग्णाचे गुडघे बसल्यावर कमरेपेक्षा वर जाता कामा नयेत, म्हणजे खुर्ची उंच हवी. पायांना रबरी बूच आहेत का बघा, ओल्या फरशीवर नुसतं प्लास्टिक घसरतं. भिंतीला धरायला दांडी लावून घ्या. डिस्चार्जच्या आधीच हे आणून ठेवा, घरी पोचल्यावर शोधाशोध नको.

पायाखाली पाट घेतला की लवकर होतं, ही युक्ती मोबाइलवर फिरते. हाताचं किंवा खांद्याचं ऑपरेशन असेल तर खुशाल करा. खुबा बदललेल्यांनी करू नका आणि पुढेही वाकू नका. त्यांच्या कमरेचा कोन ९० अंशांच्या आत गेला तर सांधा निखळण्याचा धोका असतो.

रात्रीसाठी खोलीतच सोय करा. अंगणातला अंधार, ओटा आणि वॉकर हे एकत्र चालत नाही.

डॉक्टरांनी तंबाखू बंद करायला सांगितली आणि तेव्हापासून पोट बंद झालं. थोडी चालेल का?

नाही. तंबाखूने हाड जुळायला उशीर लागतो, जखम भरायलाही. पण तुमचं निरीक्षण खरं आहे. निकोटीनने आतड्याला चालना मिळते, आणि वर्षानुवर्षं सकाळी चिमूट दाढेत धरल्याशिवाय किंवा मिश्री लावल्याशिवाय ज्यांना होत नाही, त्यांना ती सुटल्यावर काही दिवस अडतं. तसं डॉक्टरांना सांगा, म्हणजे ते पोटाचं औषध त्या हिशेबाने देतील. सकाळी गरम पाणी किंवा चहा त्याच ठरल्या वेळी चालू ठेवा.

कुंथल्याने टाके उसवतील का?

पायाचे टाके कुंथल्याने उसवत नाहीत. तरी कुंथू नका. जोर लावताना रक्तदाब वर-खाली होतो, भोवळ येते, वृद्ध माणूस खुर्चीवरून पडतो. मूळव्याध बाहेर येते, चीर पडते. एकदा चीर पडली की रुग्ण भीतीने संडास टाळतो आणि खडा आणखी कडक होतो.

रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून ऑपरेशननंतर रक्त पातळ ठेवणारी इंजेक्शनं किंवा गोळ्या चालू असतात. त्यामुळे चिरेतून रक्त जास्त वाहू शकतं. रक्त दिसलं तर त्या गोळ्या आपण होऊन बंद करू नका, डॉक्टरांना त्याच दिवशी सांगा. लोहाच्या गोळीने मळ काळपट होतो, ते चालतं. डांबरासारखा काळा, चिकट आणि घाण वासाचा असेल तर ते रक्त असू शकतं, थांबू नका.

चार दिवस झालं नाही, आता थोडं थोडं पाण्यासारखं जातंय. जुलाब लागले म्हणून औषध बंद केलं. बरोबर?

बहुधा चूक. खाली कडक गोळा अडकलेला असतो आणि त्याच्या बाजूने पातळ मळ पाझरतो. कपडे खराब होतात, रुग्णाला कळतही नाही. डॉक्टर किंवा सिस्टर बोटाने तपासून सांगतात. जुलाब बंद करायची गोळी मेडिकलमधून आणून दिली तर प्रकरण बिघडतं. अँटिबायोटिकनेही खरे जुलाब लागू शकतात, म्हणून तपासणी हवीच.

या काळात लघवी अडली किंवा म्हातारं माणूस एकदम असंबद्ध बडबडू लागलं, तरी पोट बघायला सांगा. गच्च भरलेला मळ मूत्राशयावर दाब देतो, आणि वृद्धांत बद्धकोष्ठतेने भ्रमही होतो. "बाहेरचं लागलं" म्हणून अंगारा लावण्याआधी हे तपासा.

कधी लगेच दवाखाना गाठायचा?

पोट फुगत चाललंय, वाराही सरत नाही आणि उलट्या होतायत: त्याच तासाला. आतड्याची हालचाल पूर्ण थांबलेली असू शकते, आणि अशा वेळी घरून जुलाबाचं औषध देणं धोक्याचं. पोटात असह्य दुखणं, ताप, भरपूर रक्त यांनाही थांबायचं नाही. मणक्याच्या रुग्णाला गुदद्वाराभोवती आणि जांघेत बधिर वाटू लागलं, लघवी अडली, किंवा संडास-लघवी नकळत होऊ लागली, तर ती बद्धकोष्ठता नाही, नसांवर दाब आलेला असू शकतो. रात्र असली तरी १०८ ला फोन करा आणि ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना कळवा.

किडनी किंवा हृदयाचा त्रास असेल तर?

पाण्याचं प्रमाण डॉक्टरच ठरवतील, वरचा आकडा त्यांना लागू नाही. किडनीच्या रुग्णांनी मॅग्नेशियम असलेली पोटाची औषधं टाळायची. नारळपाणी आणि केळ्यांत पोटॅशियम असतं, तेही विचारून.

औषधाची सवय लागेल ना?

काही आठवड्यांत लागत नाही. जोरदार गोळी बंद झाली, चालणं सुरू झालं की दोन-चार दिवसांत पोटाचं औषध कमी करत सोडता येतं. मऊ व्हायला लागलं त्याच दिवशी मात्र सोडू नका. पातळ झालं तर मात्रा कमी करा, एकदम बंद नको.

सुरतला ऑपरेशन केलं, गाडीने शहाद्याला परत यायचं आहे. रस्त्यात लागलं तर?

लागू नये म्हणून आदल्या दिवसापासून उपाशी ठेवतात, पाणी तोडतात, ते करू नका. निघण्याच्या आदल्या रात्री जुलाबाची नवी गोळी सुरू करू नका, एवढं पुरे. सकाळी नाश्ता देऊन, भांड्यावर बसवून मग निघा. गाडीत भांडं, जुनी चादर, पाणी ठेवा आणि मध्ये थांबत या.

ऑपरेशन पुढच्या महिन्यात ठरलंय. आधीपासून काही करता येईल?

हो, आणि हे फार थोडे लोक विचारतात. आधीच बद्धकोष्ठता असेल तर ती ऑपरेशनआधी दुरुस्त करून घ्या. भाकरी, पालेभाजी, पाणी आतापासून वाढवा. चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी न्या, मूळव्याध असेल तर सांगा. कमोड खुर्ची आणून तिच्यावर बसायचा सराव करा. ज्यांनी जन्मभर उकिडवं बसूनच केलं, त्यांना उंच खुर्चीवर पहिल्यांदा होतच नाही, आणि ती पहिली वेळ ऑपरेशननंतरची नसावी.

मी पुण्याला असतो. फोनवर विचारलं की वडील म्हणतात, "बरं आहे." खरं कसं कळणार?

"पोट साफ व्हयनं का?" असं विचारलं तर उत्तर हो असंच येतं. त्यापेक्षा "शेवटचं कोणत्या वारी झालं?" असं विचारा. घरातल्या कोणालातरी भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेला पेनने खूण करायला सांगा, कडक झालं तर दोन खुणा. जोरदार गोळी दिली त्या तारखेलाही वेगळी खूण. दोन दिवसांनी एकदा त्या पानाचा फोटो मागवा. सलग तीन घरं कोरी दिसली तर वडिलांना पुन्हा न विचारता सरळ डॉक्टरांना फोन लावा आणि तोच फोटो त्यांनाही पाठवा.